थॉमस यंग: स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग करणारा डॉक्टर

मोबाइलचा कॅमेरा फोकस करतो तेव्हा आतली लेन्स किंचित पुढेमागे सरकते. आपला डोळा हेच काम कसं करतो, यावर अठराव्या शतकात मोठा वाद होता. कुणी म्हणे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जास्त फुगतो. कुणी म्हणे डोळा फिरवणारे बाहेरचे स्नायू आवळून अख्खा गोळाच लांबट करतात. आणि कुणी म्हणे आतलं भिंग आकार बदलतं.

हा वाद मिटवणारा थॉमस यंग इंजिनीअरिंगवाल्यांना 'यंग्ज मॉड्युलस'मुळे ठाऊक असतो. मला तो आवडतो तो मात्र डोळ्यासाठी.

१७७३ साली इंग्लंडमधल्या मिल्व्हर्टन गावी क्वेकर घरात जन्म, दहा भावंडांत थोरला. लंडनला वैद्यकी शिकताना त्याने बैलाचा डोळा कापून पाहिला आणि १७९३ मध्ये, ऐन विशीत, रॉयल सोसायटीपुढे मांडलं की भिंग स्वतःच स्नायू आहे. पुढच्याच वर्षी तो सोसायटीचा फेलो झाला. पण कुरबुरीही लगेच सुरू झाल्या. नामवंत सर्जन जॉन हंटरने ही कल्पना आधी आपलीच असल्याचं सांगितलं. मग एव्हरार्ड होम आणि जेसी रॅम्सडेन यांनी प्रयोग करून कॉर्नियाच्या बाजूने कौल दिला. यंगने चक्क माघार घेतली.

पण विषय काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. १८०१ साली छापलेल्या निबंधातले त्याचे प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याने डोळा जमेल तितका नाकाकडे वळवला, समोरून धातूची कडी टेकवली आणि बाहेरच्या कोपऱ्यातून किल्लीची कडी मागे दाबून धरली. अशा चिमट्यात डोळा लांब होणं शक्यच नाही. तरी जवळचं दिसत होतं! मग पाण्याने भरलेली, भिंग बसवलेली नळी डोळ्याला लावली. पाण्यामुळे कॉर्नियाचं काम जवळपास बंद पडतं, तरीही फोकस बदलत होता. ज्यांचं मोतीबिंदूमुळे भिंगच काढलेलं होतं, त्यांना मात्र ते जमेना. म्हणजे बदल भिंगातच. याच खटाटोपात त्याला स्वतःच्या डोळ्यातला अ‍ॅस्टिग्मॅटिझमही सापडला.

फक्त स्नायूची जागा चुकली. भिंगात स्नायू नसतोच. तो भिंगाभोवती कड्यासारखा असतो, सिलिअरी स्नायू. १८४०च्या दशकात बोमन आणि ब्रुके यांनी तो दाखवला, आणि १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झने त्याचं काम उलगडलं. गंमत अशी की हा स्नायू आवळला की भिंगाला ताणून धरणारे धागे सैल पडतात, आणि भिंग आपसूक फुगीर होऊन जवळचं दिसतं. वय वाढतं तसं भिंग ताठर होतं, स्नायू आवळला तरी पुरेसं फुगत नाही, आणि चाळिशी लागते.

हे उलगडण्याआधीच, १८२९ मध्ये, यंग ५५व्या वर्षी लंडनला वारला.