स्पूलवरच्या केसरबाई

स्पूल टेपरेकॉर्डर परत आलाय. रिव्हॉक्स, टीॲक, अकाई यांच्या जुन्या डेकना पुन्हा गिऱ्हाईक आहे, जर्मनीतली बॉलफिंगरसारखी कंपनी नवीन डेक बनवतेय, आणि कोरी टेप फ्रान्स आणि अमेरिकेत आजही तयार होते. आवाज खरंच इतका भारी असतो का, यावर वाद घालणारे भरपूर आहेत, तो त्यांनी घालावा. मला यात मशीनपेक्षा टेप महत्त्वाच्या वाटतात. आपल्याकडे जुन्या घरांतल्या कपाटांत खासगी मैफलींच्या स्पूल पडून आहेत आणि डेक दुरुस्त व्हायला लागले म्हणून त्या आता वाजायला लागल्यात. त्यामुळे या वेळी आयुष्य बघू एका गायिकेचं, जिला हा सगळा प्रकार बहुधा अजिबात आवडला नसता: सुरश्री केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. आठव्या वर्षी त्या कोल्हापूरला आल्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकायला लागल्या, पण ते शिक्षण जेमतेम आठ महिने टिकलं. मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे सितारिये बरकतुल्ला खाँ, थोडा काळ भास्करबुवा बखले. म्हणजे ऐन शिकायच्या वयात गुरू सारखे बदलत गेले. शेवटी १९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब मिळाले आणि खाँसाहेब १९४६ मध्ये जाईपर्यंत, पंचवीस वर्षं, ती तालीम चालली. तिशीच्या उंबरठ्यावर नव्याने सुरुवात करून पंचवीस वर्षं एकाच गुरूकडे! आम्ही मंडळी दोन वर्षांत फ्रेमवर्क बदलतो, असो.

या गायकीत आकार लांब, दमसास मोठा, ताना वळणावळणाच्या आणि राग बरेचदा अनवट किंवा जोडराग. एकेक गोष्ट लयीला धरून सावकाश उलगडायची. आता हे गाणं त्या काळच्या तबकडीवर बसवून बघा. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावतात. केसरबाईंनी अशा काही तबकड्या दिल्या, आणि त्या तीन मिनिटांतही काय सुरेल, दाणेदार काम आहे ते आज कुणीही ऐकू शकतं. पण ती मैफल नाही. तासभराचा राग तीन मिनिटांत म्हणजे निव्वळ थंबनेल.

स्पूलने नेमकी हीच अडचण सोडवली. तत्त्व सोपं आहे: प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडची बारीक पूड चिकटवलेली, ती पट्टी एका इलेक्ट्रोमॅग्नेटच्या, म्हणजे हेडच्या, केसभर फटीसमोरून ठरावीक वेगाने सरकते आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणे पूड चुंबकित होत जाते. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये कागदी पट्टीवर हे करून दाखवलं, १९३५ मध्ये एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन आणला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते तंत्र जगभर गेलं. हिशोब करा. सात इंची स्पूलवर साधी टेप १२०० फूट. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटं चालते, पावणेचार इंचाने ६४ मिनिटं. एक अख्खा ख्याल, तबलजीच्या ठेक्यासकट, श्रोत्यांच्या दादेसकट.

आणि इथेच केसरबाईंचा स्वभाव आडवा येतो. ध्वनिमुद्रणाबाबत त्या कमालीच्या सावध होत्या. शिष्य करण्याबाबतही तसंच, धोंडूताई कुलकर्णी या त्यांच्या एकमेव नावाजलेल्या शिष्या. पंचवीस वर्षं घासून मिळवलेली विद्या कुणी यंत्रातून ऐकून उचलावी हे त्यांना का मान्य व्हावं? कायद्याचाही आधार नव्हता. कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क भारतीय कॉपीराइट कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. तोवर नकार देणं हेच काय ते हातात होतं. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि महाराष्ट्र शासनाकडून राज्यगायिका हा सन्मान. त्याच्या काही वर्षं आधीच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं होतं. कॅसेट घरोघरी पोचायच्या आतच.

तरीही मैफलींतल्या काही ध्वनिमुद्रणांच्या प्रतींच्या प्रती रसिकांमध्ये फिरत राहिल्या. मीही त्या ऐकतो. त्या नसत्या तर केसरबाईंचं लांब गाणं आपल्याला फक्त जुन्या माणसांच्या वर्णनांतून कळलं असतं, हे खरं. गाणारीला विचारलं होतं की नाही हे प्रत्येक टेपबाबत सांगता येत नाही, हेही खरं. माझं मत विचाराल तर टेप वाचवा, डिजिटल प्रत करून एखाद्या संग्रहालयाकडे द्या. पण सापडली की लगेच यूट्यूबवर टाकून व्ह्यूज मोजत बसू नका.

वाचवायची कशी, हे मात्र नीट समजून घ्या. आमच्या राजोडीत समुद्राची खारी हवा घरात येते, पावसाळ्यात चपलांनाही बुरशी धरते, तिथे टेपचं काय होत असेल! बुरशीची टेप थेट मशीनवर लावू नका, हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या टेपला लागते. दुसरी गोष्ट, चिकट झालेली टेप मंद उष्णतेवर तासन् तास ‘भाजायची’ युक्ती इंटरनेटवर सगळीकडे सापडते. ती १९७० नंतरच्या काही पॉलिएस्टर टेपसाठी आहे. १९५०-६० च्या बऱ्याच टेप ॲसिटेटच्या असतात, त्या भाजल्या तर संपल्या. ओळख अशी: स्पूल उजेडासमोर धरली की ॲसिटेट टेपच्या थरांतून प्रकाश झिरपतो, आणि खराब व्हायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो.

मग वेग. मूळ मशीन जरा हळू चालत असेल तर आज तीच टेप बरोबर वेगाच्या डेकवर जलद वाजते, आणि आवाज वर चढतो. यावर एक छान उपाय आहे. विजेची ५० हर्ट्झची घरघर अनेकदा मूळ ध्वनिमुद्रणातच शिरलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये ती ५२ वर दिसली तर टेप ४ टक्के जलद वाजतेय, म्हणजे गाणं जवळजवळ दोन तृतीयांश सेमिटोन वर. केसरबाईंसारख्या गळ्याच्या बाबतीत हा फरक भयंकर आहे. आवाजाचा पोतच बदलतो. फक्त उपाय दर वेळी लागू पडत नाही. मूळ मशीनची मोटरच विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरणारी असेल तर वीज हलली की घरघर आणि वेग दोन्ही बरोबर हलतात, आणि चूक झाकली जाते. अशा वेळी त्याच गायिकेच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणांशी तानपुऱ्याचा षड्ज ताडून बघायचा.

१६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई मुंबईत गेल्या. त्याआधी काही दिवस, २० ऑगस्टला व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ अवकाशात निघालं होतं. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यावरच्या २७ संगीतरचनांमध्ये केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ती सुचवली. रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात प्रती सापडल्या.

त्याच यानांत टेपरेकॉर्डरही आहे. ३२८ मीटर लांब, अर्धा इंच रुंद टेप, आठ ट्रॅक, साधारण ५० कोटी बिट म्हणजे साठेक एमबी. ग्रहांची छायाचित्रं आणि मोजमापं आधी या टेपवर उतरायची आणि मग सवडीने पृथ्वीकडे पाठवली जायची. व्हॉयेजर २ वरचा रेकॉर्डर २००७ मध्ये बंद केला, व्हॉयेजर १ वरचा त्यानंतरही बरीच वर्षं चालला. घर्षण, झीज, कडाक्याची थंडी आणि दुरुस्तीला कुणी नाही, तरी तीसहून जास्त वर्षं. ज्यांना जुन्या डेकचा बेल्ट दर दोन वर्षांनी बदलावा लागतो त्यांनी याचं डिझाइन जरूर वाचावं.