काउंट रम्फर्ड

सर बेंजामिन थॉम्प्सन, काउंट रम्फर्ड (जन्म : २६ मार्च, इ.स. १७५३, वोबर्न, मॅसॅच्युसेट्स – मृत्यू : २१ ऑगस्ट, इ.स. १८१४, ओतॉय, पॅरिस) हे अमेरिकेत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ, लष्करी अधिकारी, प्रशासक आणि संशोधक होते. घर आणि कारखाना उबदार राखण्यासाठी व स्वयंपाकासाठी जळणारे इंधन वाया का जाते, याचा मोजमापाच्या आधारे पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. त्यांनी सुधारलेली भिंतीतील शेकोटी 'रम्फर्ड फायरप्लेस' या नावाने प्रसिद्ध आहे. उष्णता हा पदार्थ नसून गतीचा प्रकार आहे, या मताला त्यांच्या प्रयोगांमुळे बळ मिळाले. लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूशनच्या संस्थापकांत ते प्रमुख होते.

पार्श्वभूमी

अठराव्या शतकात युरोप व उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात घर उबदार राखण्याचे मुख्य साधन म्हणजे लाकडाचा किंवा कोळशाचा विस्तव होता. जर्मन प्रदेशांत आणि रशियात विटांच्या किंवा चिनी मातीच्या लाद्यांच्या बंदिस्त शेगड्या प्रचलित होत्या. इंग्लंडमध्ये व तेथून गेलेल्या वसाहतींत मात्र भिंतीतील उघडी शेकोटी रूढ होती. अशा शेकोटीचे तोंड व धुराडे रुंद असे. त्यामुळे बरीचशी उष्णता धुराड्यावाटे निघून जाई आणि तिच्याबरोबर खोलीतील ऊबदार हवाही ओढली जाई. त्या हवेची जागा घेण्यासाठी दारे-खिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येई. परिणामी विस्तवासमोर बसलेल्या माणसाचे तोंड भाजत असे आणि पाठ गारठत असे. वारा फिरला की धूर खोलीत पसरे.

शहरांभोवतीची जंगले मागे हटू लागली तसे लाकूड महाग झाले. इ.स. १७४० च्या दशकात फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी लोखंडी पत्र्यांची शेगडी तयार करून या प्रश्नाला हात घातला होता. त्यानंतरच्या पिढीत रम्फर्ड यांनी तोच प्रश्न अधिक काटेकोर मोजमापाने हाताळला.

प्रारंभिक जीवन

बेंजामिन थॉम्प्सन यांचा जन्म वोबर्न येथील शेतकरी कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले व पुढे आईने पुनर्विवाह केला. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांना सेलम येथील एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. तेथे शोभेची दारू तयार करण्याच्या खटपटीत स्फोट होऊन ते भाजले. औपचारिक शिक्षण थोडेच झाले; परंतु लोअॅमी बाल्डविन या मित्रासह ते केंब्रिजला पायी जाऊन हार्वर्डचे प्राध्यापक जॉन विन्थ्रॉप यांची व्याख्याने ऐकत असत.

इ.स. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशरमधील कॉन्कर्ड येथे ते शिक्षक झाले. या गावाचे जुने नाव रम्फर्ड होते. त्याच वर्षी त्यांनी सारा रोल्फ या आपल्यापेक्षा वयाने मोठ्या, श्रीमंत विधवेशी विवाह केला. इ.स. १७७४ मध्ये त्यांना सारा नावाची मुलगी झाली.

अमेरिकन क्रांती आणि देशत्याग

गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांनी थॉम्प्सन यांना प्रांतिक सैन्यदलात मेजर नेमले. ब्रिटिश सत्तेशी असलेल्या या जवळिकीमुळे स्वातंत्र्यवाद्यांना त्यांचा संशय येऊ लागला. इ.स. १७७४ च्या अखेरीस जमाव घरावर चालून येण्यापूर्वी ते पत्नी व तान्ह्या मुलीला मागे ठेवून पळाले. इ.स. १७७५ मध्ये त्यांनी अदृश्य शाईने पत्र लिहून ब्रिटिशांना लष्करी माहिती पुरविली, असे मानले जाते. इ.स. १७७६ मध्ये ब्रिटिशांनी बॉस्टन सोडले, तेव्हा ते लंडनला गेले. पत्नीची व त्यांची पुन्हा कधीही भेट झाली नाही; तिचा मृत्यू इ.स. १७९२ मध्ये झाला.

लंडनमध्ये वसाहतमंत्री लॉर्ड जॉर्ज जर्मेन यांच्या आश्रयाने ते उपसचिवपदापर्यंत पोहोचले. बंदुकीच्या दारूवरील प्रयोगांमुळे इ.स. १७७९ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. युद्धाच्या अखेरीस ते ब्रिटिश घोडदळाचे अधिकारी म्हणून अमेरिकेत परतले. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन गावात त्यांच्या पलटणीने दफनभूमीवर किल्ला बांधला. त्याची कटू आठवण त्या गावात दीर्घकाळ टिकून राहिली.

बव्हेरियातील कार्य

इ.स. १७८४ मध्ये राजा तिसरा जॉर्ज यांनी त्यांना 'सर' हा किताब दिला. त्यानंतर ते बव्हेरियाचे शासक कार्ल थिओडोर यांच्या सेवेत रुजू झाले आणि पुढील सुमारे अकरा वर्षे म्युनिकमध्ये राहिले. सैन्याची पुनर्रचना, पोलीस व्यवस्था आणि युद्धखाते अशी कामे त्यांच्याकडे होती. म्युनिकमधील 'इंग्लिश गार्डन' हे विस्तीर्ण उद्यान त्यांच्या पुढाकाराने इ.स. १७८९ मध्ये आकारास येऊ लागले.

सैनिकांच्या गणवेशासाठी योग्य कापड शोधताना त्यांनी लोकर, पिसे, फर इत्यादींतून उष्णता किती वेगाने निसटते हे मोजले. तंतूंमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवाच ऊब टिकवून धरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इ.स. १७९२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळाले. त्याच वर्षी त्यांना पवित्र रोमन साम्राज्याचे काउंट करण्यात आले. किताबासाठी त्यांनी निवडलेले नाव, जेथून त्यांना पळावे लागले होते, त्या गावाचे होते.

उद्योगगृह आणि स्वयंपाकघर

म्युनिकमध्ये त्या काळी भिकाऱ्यांची संख्या मोठी होती. १ जानेवारी, इ.स. १७९० रोजी थॉम्प्सन यांनी सैन्याच्या मदतीने शहरातील भिकाऱ्यांना ताब्यात घेऊन त्यांची नोंद केली व त्यांना आउ या उपनगरातील उद्योगगृहात कामाला बोलावले. तेथे सूत कातणे, विणणे आणि सैन्यासाठी कापड तयार करणे ही कामे चालत. कामाची मजुरी मिळे आणि दुपारी गरम जेवण दिले जाई. कामाच्या खोल्या स्वच्छ, उजेडाच्या व ऊबदार असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. माणसाला आधी सुखाने राहता आले तर सद्वर्तन मागाहून येते, ही त्यामागची धारणा होती. लोकांना पकडून कामाला लावण्याच्या या पद्धतीतील सक्ती मात्र लपून राहत नाही.

सुमारे हजार माणसांना रोज जेवू घालायचे, तर सर्वांत मोठा प्रश्न जळणाचा होता. जव, वाटाणे, बटाटे, व्हिनेगर आणि शिळ्या पावाचे तुकडे घालून केलेले दाट सूप त्यासाठी निवडण्यात आले. ते पुढे 'रम्फर्ड सूप' म्हणून युरोपभर गरिबांच्या अन्नछत्रांत पोहोचले. ते शिजविण्यासाठी थॉम्प्सन यांनी चुलीची रचनाच बदलली. उघड्या विस्तवावर भांडी टांगण्याऐवजी ती विटांच्या बांधकामात बसविली. प्रत्येक भांड्याखाली स्वतंत्र लहान अग्निकोठी ठेवली. लाकूड जाळीवर जळे आणि हवा राखेच्या कप्प्याच्या झडपेतून हवी तेवढीच आत येई. गरम धूर भांड्याच्या तळाभोवती फिरून मगच धुराड्यात जाई व तेथेही झडप असे. भांड्यांना दुहेरी झाकणे असून त्यांच्यामधील हवा उष्णता अडवून ठेवी. एकदा उकळी फुटल्यावर ती राखण्यास अगदी थोडे जळण पुरते, मोठा जाळ केल्याने अन्न लवकर शिजत नाही, ही गोष्ट त्यांनी आचाऱ्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. प्रत्येक स्वयंपाकाला किती वजनाचे लाकूड लागले याची ते नोंद ठेवत. इटलीच्या प्रवासात त्यांनी वेरोना येथील रुग्णालयांतही अशी स्वयंपाकघरे उभारली.

रम्फर्ड फायरप्लेस

इ.स. १७९५ मध्ये रम्फर्ड लंडनला आले. कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या त्या शहराच्या आकाशाकडे पाहून त्यांना वाया गेलेल्या इंधनाचा हिशेब सुचला. इ.स. १७९६ मध्ये त्यांचा शेकोट्यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. उघडी शेकोटी खोलीतील हवा थेट तापवत नाही. विस्तवातून सरळ रेषेत निघणारे किरण भिंतींना व माणसांना तापवतात, या विचारावर तो आधारलेला होता.

त्यानुसार त्यांनी पुढील बदल सुचविले :

शेकोटीची खोली कमी करून विस्तव पुढे आणावा.

मागची भिंत समोरच्या तोंडाच्या सुमारे एक-तृतीयांश रुंद ठेवावी आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करून तिरप्या बांधाव्यात, म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होते.

या भिंती लोखंडाच्या नसून विटांच्या किंवा दगडाच्या असाव्यात व त्यांना पांढरा रंग द्यावा.

धुराड्याचा गळा सुमारे ४ इंचांपर्यंत अरुंद करावा आणि त्याची पुढची कड गोलाकार घडवावी, म्हणजे धूर अडखळत नाही.

गळ्याच्या मागे सपाट टप्पा ठेवावा, म्हणजे वरून येणारी थंड हवा तेथे अडते.

धुराडे साफ करणाऱ्यास वर जाता यावे म्हणून गळ्याजवळील एक फरशी काढता येईल अशी बसवावी.

हे बदल अस्तित्वातील शेकोटीत थोड्या विटा व चुना वापरून एखाद्या गवंड्याला करता येत. लंडनमधील शेकडो शेकोट्या अशा बदलण्यात आल्या. रम्फर्ड यांनी त्यावर एकाधिकार घेतला नाही. कोणीही गवंडी निबंध वाचून काम करू शकत असे. बंदिस्त शेगडीच्या तुलनेत ही शेकोटी अधिकच इंधन खाते. पण विस्तव डोळ्यांना दिसला पाहिजे, या इंग्रजी आवडीला मुरड न घालता तिने धूर आणि नासाडी दोन्ही कमी केली. इ.स. १८०० मध्ये व्यंगचित्रकार जेम्स गिलरे यांनी शेकोटीसमोर पाठ शेकत उभ्या असलेल्या रम्फर्ड यांचे चित्र काढले. जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर अॅबी' या कादंबरीतही या शेकोटीचा उल्लेख आहे.

उष्णतेच्या स्वरूपाविषयी प्रयोग

उष्णता हा 'कॅलॉरिक' नावाचा अदृश्य, वजनरहित द्रवपदार्थ आहे, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या कोरताना धातू फार तापतो, हे रम्फर्ड यांच्या लक्षात आले. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेऊन ते पितळी नळीवर घोड्यांच्या शक्तीने घासविले. नळीभोवतीच्या पेटीत सुमारे १८.७७ पौंड (साधारण ८.५ किलो) पाणी भरले होते. सुरुवातीस ६० अंश फॅरनहाइट असलेले पाणी अडीच तासांनी उकळू लागले. विस्तवाशिवाय उकळलेले पाणी पाहून उपस्थित लोक चकित झाले.

घर्षण चालू राहील तोवर उष्णता मिळतच राहिली. जी वस्तू न संपता मिळत राहते ती पदार्थ असू शकत नाही. तेव्हा उष्णता ही गतीच असली पाहिजे, असा तर्क त्यांनी मांडला. हा निबंध २५ जानेवारी, इ.स. १७९८ रोजी रॉयल सोसायटीत वाचण्यात आला. ऊब मिळविण्याचा हा मार्ग किफायतशीर नाही, घोड्याचा चारा सरळ जाळला तर त्याहून जास्त उष्णता मिळेल, हेही त्यांनी त्यात नोंदविले. कॅलॉरिकचा सिद्धान्त त्यानंतरही काही दशके टिकला. इ.स. १८४० च्या दशकात जेम्स जूल यांनी कार्य आणि उष्णता यांचे नेमके प्रमाण ठरविल्यावर रम्फर्ड यांच्या प्रयोगाचे महत्त्व सर्वमान्य झाले.

रम्फर्ड यांची सर्वच मते टिकली नाहीत. द्रव व वायू यांच्यात उष्णतेचे वहन मुळीच होत नाही, ती केवळ प्रवाहांमुळे पसरते, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. तथापि तापलेल्या द्रवात उठणारे प्रवाह त्यांनी स्पष्टपणे दाखवून दिले.

रॉयल इन्स्टिट्यूशन

विज्ञानाचा उपयोग रोजच्या जीवनात, विशेषतः गरिबांच्या घरांत व्हावा, या हेतूने इ.स. १७९९ मध्ये लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची स्थापना झाली. तेथे सुधारित चुली, शेकोट्या व यंत्रांचे नमुने मांडावेत आणि कारागिरांना शिक्षण द्यावे, अशी रम्फर्ड यांची योजना होती. हम्फ्री डेव्ही व टॉमस यंग यांच्या नेमणुका याच काळात झाल्या. परंतु व्यवस्थापकांशी मतभेद होऊन इ.स. १८०२ मध्ये रम्फर्ड यांनी लंडन सोडले. त्यानंतर संस्था कारागिरांच्या शिक्षणाऐवजी उच्चभ्रूंसाठीची व्याख्याने आणि संशोधन यांकडे वळली.

उत्तरायुष्य

पॅरिसमध्ये त्यांनी मारी-आन लाव्वाझिये यांच्याशी विवाह केला. त्यांचे पहिले पती आंत्वान लाव्वाझिये यांनीच कॅलॉरिकला मूलद्रव्यांच्या यादीत स्थान दिले होते. हा विवाह सुखाचा झाला नाही आणि इ.स. १८०९ मध्ये ते विभक्त झाले. त्यानंतर रम्फर्ड ओतॉय येथे राहिले. कॉफी गाळण्याची भांडी, दिवे आणि प्रकाशाची तीव्रता मोजण्याची पद्धत यांवर त्यांचे काम चालूच होते. वेगवेगळ्या जातींचे लाकूड आणि लोणारी कोळसा जाळल्यास किती उष्णता मिळते, हे त्यांनी अखेरच्या वर्षांत मोजले. २१ ऑगस्ट, इ.स. १८१४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

रम्फर्ड यांच्या देणगीतून रॉयल सोसायटीचे रम्फर्ड पदक आणि अमेरिकन अॅकॅडमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसचे रम्फर्ड पारितोषिक सुरू झाले. ही दोन्ही उष्णता व प्रकाश यांवरील संशोधनासाठी आहेत. ज्या विद्यापीठात ते रीतसर शिकू शकले नाहीत, त्या हार्वर्डला त्यांनी मृत्युपत्राने प्राध्यापकपदासाठी निधी ठेवला. म्युनिकच्या मॅक्सिमिलियनस्ट्रास या रस्त्यावर त्यांचा पुतळा असून त्याची प्रतिकृती वोबर्न येथे उभारलेली आहे. एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगड्यांचा प्रसार झाल्यावर त्यांच्या शेकोटीचा वापर कमी झाला. परंतु उथळ कोठी, तिरप्या भिंती व अरुंद गळा ही तिची रचना गवंडीकामात आजही वापरली जाते.