किड्यांचे मास्तर

थोर माणसे म्हटली की राजे आणि सेनापती आठवतात. मला मात्र एक मास्तर आठवतात.

झाँ आंरी फाब्र यांचा जन्म डिसेंबर १८२३ मध्ये फ्रान्समधील एका खेड्यात झाला. घरची फार गरिबी. तरी ते शिकले आणि प्राथमिक शाळेत मास्तर झाले. पुढे आव्हिन्यों शहरात ते मोफत व्याख्याने देत. फुलापासून फळ कसे धरते, हे त्यांनी मुलींनाही समजावून सांगितले. झालं! काही लोक खवळले. १८७० साली घरमालकिणींनी त्यांना बायकोमुलांसह घराबाहेर काढले. मिल नावाच्या इंग्रज मित्राने उसने पैसे दिले. फाब्र यांनी ते पुढे फेडले.

१८७९ मध्ये त्यांनी सेरिन्यान गावी एक दगडाळ माळ घेतला. तिथे ते तासन् तास किडे बघत बसत. एका सकाळी कोशातून मोठ्या पतंगाची मादी निघाली. त्यांनी ती जाळीखाली ठेवली. रात्री बघतात तर काय, घरात चाळीसेक नर पतंग शिरलेले! मादी हवाबंद डब्यात ठेवली, तर एकही नर येत नसे. म्हणजे ते वासावर येत होते. आपल्या नाकाला तो वास कळतही नाही!

किड्यांवर त्यांनी दहा खंड लिहिले. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी ते वारले.

त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. होता तो माळ, दोन डोळे आणि चिकाटी. माळ तर आपल्या शाळेमागेही आहे!