निकोलाय वाव्हिलॉव्ह : बीजांचा राखणदार

मॉस्को येथील एका सधन व्यापाऱ्याच्या घरी २५ नोव्हेंबर १८८७ रोजी निकोलाय वाव्हिलॉव्ह यांचा जन्म झाला. घरी कशाचीच उणीव नव्हती. परंतु वडील मूळचे खेड्यातील शेतकऱ्याचे पुत्र. पीक बुडाले म्हणजे घासघास मोजून खावा लागतो, हे त्यांनी लहानपणी भोगले होते. धाकटा भाऊ सर्गेई पुढे पदार्थविज्ञानात नावारूपास आला. निकोलाय यांनी मात्र शेतकी महाविद्यालयाची वाट धरली.

१९१३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि विल्यम बेटसन या विद्वानाच्या सान्निध्यात आनुवंशिकतेचा अभ्यास करू लागले. आईबापांचे गुण संततीत ठरावीक नियमांनी उतरतात, हे मेंडेलने वाटाण्याच्या रोपांवर दाखवून दिले होते. तेव्हा योग्य जोडी जुळवून संकर केला, तर तांबेऱ्याला दाद न देणारा किंवा अवर्षणात तगणारा गहू निर्माण करता येईल, हे उघड होते. पण तो गुण अंगी असलेले वाण आधी हाती तर यावयास हवे! जे बीज पृथ्वीच्या पाठीवर उरलेच नाही, त्याचा संकर कोण करणार?

म्हणून हा प्राध्यापक बियांच्या शोधार्थ घराबाहेर पडला. १९१६ मध्ये इराण व पामीर, १९२४ मध्ये अफगाणिस्तान, १९२६-२७ मध्ये भूमध्य सागराचा परिसर व ॲबिसिनिया, १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान व कोरिया, पुढे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका! रात्री चार-पाच तासांची झोप त्यांना पुरत असे. डोंगरातील आडगावच्या बाजारांत जाऊन ते मूठमूठ धान्य गोळा करीत. विशिष्ट प्रदेशांतच एकेका पिकाचे असंख्य प्रकार एकवटलेले असतात, हे त्यांच्या ध्यानी आले. पिकांची जन्मस्थाने तीच, असा सिद्धांत त्यांनी १९२६ मध्ये मांडला. भात, ऊस, वांगे आणि आंबा यांचे माहेर म्हणून त्यांनी हिंदुस्थानाकडे बोट दाखविले. आमच्या गोव्याच्या खाजणांतील कोरगुट भात खाऱ्या जमिनीतही तग धरते. अशा वाणांचेच मोल वाव्हिलॉव्ह यांना अधिक वाटे.

त्यांची दृष्टी किती दूरवर पोहोचली होती, याचा एक दाखला पुढे चीनमध्ये मिळाला. भाताच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असतात आणि त्याचे आपल्याआपणच फलन होऊन जाते. त्यामुळे दोन वाणांचे संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे दुष्कर होते. युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना १९७० मध्ये हायनान बेटावर रानभाताचे एक रोप आढळले. त्याचे पराग वांझ होते, म्हणून त्याला दुसऱ्याचे पराग घेणे भागच पडे! त्या रानटी रोपाच्या वंशातून संकरित भात सिद्ध झाला, १९७६ पासून त्याची विस्तृत लागवड सुरू झाली आणि उत्पन्न सुमारे २० टक्क्यांनी वाढले. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटून टाकील, असे ते रोप.

१९४० पर्यंत वाव्हिलॉव्ह यांच्या लेनिनग्राड येथील संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते. परंतु तोवर वारे फिरले होते. १९३२-३३ च्या दुष्काळात सोव्हिएत देशात लाखो माणसे अन्नान्न करीत मेली. सक्तीच्या सामुदायिक शेतीचा त्यात मोठा वाटा होता. राज्यकर्त्यांना आता झटपट फळ हवे होते. नवे वाण सिद्ध करण्यास दहा-बारा वर्षे लागतात. लिसेंको नावाच्या गृहस्थाने दोन-तीन वर्षांचा वायदा केला आणि मेंडेलचे शास्त्रच खोटे ठरविले. आरंभी या लिसेंकोची वाखाणणी वाव्हिलॉव्ह यांनीही केली होती. थोरांच्या चरित्रातील अशी चूक झाकून ठेवण्याचे कारण नाही. खरे काय ते कळल्यावर मात्र ते मागे हटले नाहीत. १९३५ मध्ये शेतकी अकादमीचे अध्यक्षपद गेले, आणि १९३८ मध्ये त्या आसनावर लिसेंको बसला.

६ ऑगस्ट १९४० रोजी युक्रेनमध्ये वनस्पती गोळा करीत असताना त्यांना अटक झाली. मागे राहिलेल्या त्यांच्या थैलीत सोबत्यांना एका पुरातन गव्हाच्या ओंब्या सापडल्या. हेरगिरी व घातपात असे खोटे आरोप ठेवून १९४१ च्या जुलैत देहान्ताची शिक्षा फर्मावली गेली. पुढे ती वीस वर्षांच्या कैदेवर आली. तुरुंग सारातोव्हचा. याच नगरात १९१७ ते १९२१ पर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांना शिकविले होते. तेथे २६ जानेवारी १९४३ रोजी ते उपासमारीने मरण पावले.

इकडे सप्टेंबर १९४१ पासून जर्मन सैन्याने लेनिनग्राडला वेढा घातला होता. त्या हिवाळ्यात अनेकांच्या वाट्याला दिवसाकाठी अवघा १२५ ग्रॅम पाव येई. संस्थेतील शास्त्रज्ञांभोवती मात्र गहू, मका, भुईमूग, तांदूळ यांची पाकिटे रचलेली होती. कडाक्याच्या थंडीत आणि उंदरांच्या सुळसुळाटात त्यांनी ती राखली. आपला गुरू कोठे आहे, जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते. भुईमुगाचे अभ्यासक श्चुकिन आपल्या मेजाशीच गेले. भाताच्या संग्रहाचे राखणदार दिमित्री इव्हानॉव्ह भुकेने मरण पावले, तेव्हा त्यांच्या स्वाधीन असलेल्या तांदळाच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या.

१९५५ मध्ये वाव्हिलॉव्ह यांच्यावरील शिक्षा रद्द झाली. त्यांची संस्था आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सारातोव्हच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे आहे. देह नेमका कोठे पुरला, ते कोणालाच सांगता येत नाही.