दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद : १८६५ च्या मंदीपूर्वी आणि नंतर

मुंबई विद्यापीठाच्या प्रांगणातील राजाबाई टॉवर ज्याने पाहिला नाही, असा जैन बांधव विरळाच. ज्यांच्या दानातून तो उभा राहिला त्या शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव समाजात आदराने घेतले जाते. परंतु त्यांच्या चरित्रातील १८६५ सालचे प्रकरण गौरवपर लेखनात दोन ओळींत आटोपले जाते. आपली बचत शेअरबाजारात ठेवणाऱ्या गृहस्थाने सावकाश वाचावे असे प्रकरण मात्र तेच आहे.

प्रेमचंदशेठ यांचा जन्म १८३१ साली सुरतेच्या जैन वणिक कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद व्यापारानिमित्त मुंबईस आले. तेथेच प्रेमचंदशेठ यांचे इंग्रजी शिक्षण झाले आणि १८५२ च्या सुमारास ते दलालीच्या व्यवसायात उतरले. इंग्रजी जाणणारे ते पहिले देशी शेअरदलाल मानले जातात. युरोपीय बँकांच्या व्यवस्थापकांशी दुभाष्याविना बोलणी करता येणे, हे त्या काळी मोठेच भांडवल होते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या बोईसर-पालघरवरून जाणारा लोहमार्गही त्याच काळातला. १८६४ साली तो ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. कापसातून आलेला पैसा कोठे ठेवावा, हाच मुंबईला प्रश्न पडला. नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र भरून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. शेअर तारण ठेवून कर्ज काढावे, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यावेत आणि तेही पुन्हा तारण ठेवावेत, असा तो व्यवहार होता. भाव चढत होते तोवर सारेच श्रीमंत दिसत होते.

या तेजीच्या केंद्रस्थानी प्रेमचंदशेठ होते. एशियाटिक बँकिंग कॉर्पोरेशनवर त्यांचा प्रभाव होता आणि सरकारची भागीदारी असलेल्या बँक ऑफ बॉम्बेतही त्यांच्या शब्दावर कर्जे मंजूर होत. श्रेष्ठींचा गौरव करताना हे झाकून ठेवणे उचित नव्हे. त्या कर्जांच्या मागे इतरांचाही पैसा होता.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपल्याची चिन्हे दिसताच कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता. त्या दिवशी घेणारा पैसे देऊ शकेना आणि देणारा माल कोणाच्या गळ्यात घालावा हे जाणेना. पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या, स्वतः प्रेमचंदशेठही त्यातून सुटले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर ८७ रुपयांवर आला. भांडवलाचा बहुतांश भाग गमावून ती बँक १८६८ साली बंद झाली आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. बॅकबे कंपनीही मोडली. तिने काढलेल्या जमिनीची पट्टी पुढे रेल्वेच्या कामी आली. चर्चगेटला जाणारा आपला प्रवासी शेवटची काही मिनिटे तिच्यावरूनच जातो.

श्रावकाच्या बारा व्रतांतील पाचवे, परिग्रह-परिमाणाचे, येथे आठवल्यावाचून राहत नाही. आपल्याजवळ किती असावे याची मर्यादा आधीच, मन शांत असताना ठरवायची असते. भाव चढू लागल्यावर ती ठरत नाही. भाव उतरल्याची झळ स्वतःच्या पैशाने शेअर घेणाऱ्यालाही लागते. परंतु तो थांबू शकतो. उसन्या पैशाने घेणाऱ्याला वायद्याची तारीख थांबू देत नाही. म्हणून घरखर्चाची, मुलांच्या शिक्षणाची आणि आजारपणाची रक्कम बाजाराबाहेर राहिली पाहिजे आणि तारणाच्या कर्जावर तर शेअर मुळीच घेऊ नयेत.

प्रेमचंदशेठ यांची एक संपत्ती मात्र मंदीच्या हाती लागली नाही. तेजी ऐन भरात असताना, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, ही त्यांची इच्छा होती. मातोश्रींची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याच्या त्यांच्या नियमास घंटानादाचे साहाय्य व्हावे, हा त्यामागील हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते. बांधकाम १८६९ साली सुरू होऊन १८७८ साली पूर्ण झाले. म्हणजे दात्याचे वैभव ओसरल्यानंतर त्याचे दान उभे राहिले. कलकत्ता विद्यापीठास दिलेल्या देणगीतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही विद्वानांत मानाची ठरली.

पडझडीनंतर प्रेमचंदशेठ मुंबई सोडून गेले नाहीत. ते पुन्हा व्यवसायास लागले. तो झगमगाट परतला नाही, परंतु पेढी पुढे चालली. १८७५ साली देशी शेअरदलालांची जी संस्था स्थापन झाली आणि जिचा पुढे मुंबई शेअरबाजार झाला, तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. मंदीनंतर चार दशकांनी, १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.