शिकला इंजिनिअरिंग, नोकरी मिळाली कोळसा टाकायची. त्याच माणसानं चालत्या इंजिनाला तेल घालणारं यंत्र बनवलं

जुनी ऑटोमॅटिक गाडी घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली की जाणकार आधी गिअरबॉक्सचं तेल बघतात. नवं असताना बहुतेक वेळा लालसर दिसणारं हे तेल जुनं झालं की काळपट पडतं, त्याला जळका वास यायला लागतो. असं तेल बदलणं म्हणजे हात काळे करायचं काम. पण ते एकदा नीट झालं की पुढचे हजारो किलोमीटर चालकाला त्याची आठवणही येत नाही. गाडी सुरू असेपर्यंत आतला पंप तेल फिरवत राहतो.

यंत्र चालू असताना त्याला आपोआप तेल मिळत राहतं, यात आज कुणाला काही विशेष वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र रेल्वेचं इंजिन थांबवायला लागायचं. तेलाचा डबा घेऊन एक माणूस खाली उतरायचा आणि एकेका भागाला हातानं तेल घालायचा.

ही परिस्थिती बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्यांचं नाव इलायजा मॅकॉय.

मॅकॉय यांची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. त्यांचे वडील जॉर्ज आणि आई मिल्ड्रेड हे दोघंही तिथं गुलाम होते. तिथून त्यांनी पळ काढला. पळून जाणाऱ्या गुलामांना मदत करणारी माणसांची एक गुप्त साखळी त्या काळी अमेरिकेत होती. तिला अंडरग्राउंड रेलरोड म्हणायचे. नावात रेलरोड असलं तरी त्यात ना रूळ होते ना गाडी. रात्री चालायचं, दिवसा कुणाच्या तरी घरात लपायचं आणि उत्तरेकडं सरकत राहायचं, असा तो प्रवास होता. हे जोडपं कॅनडात पोहोचलं. कॅनडा तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि ब्रिटिश साम्राज्यात १८३४ पासून गुलामगिरी बेकायदा होती.

तिथंच, ऑन्टारियोतल्या कोलचेस्टर गावी, १८४४ साली इलायजाचा जन्म झाला. घरात एकूण १२ भावंडं. पुढं हे कुटुंब अमेरिकेत परतलं आणि मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावात स्थिरावलं.

पोराला लहानपणापासून यंत्रांचं वेड. पण त्या काळच्या अमेरिकेत काळ्या मुलाला इंजिनिअरिंग शिकवणार कोण? आईवडिलांनी पोराला थेट समुद्रापार पाठवायचं ठरवलं. साधारण १५ वर्षांचा असताना इलायजा स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात गेला. तिथं उमेदवारी करून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. ज्या आईवडिलांना एकेकाळी दुसऱ्याची मालमत्ता समजलं जायचं, त्यांचा पोरगा परदेशात शिकून आला होता.

अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. माणसांच्या मनातली मात्र संपली नव्हती. मॅकॉय यांच्याकडं शिक्षण होतं, कौशल्य होतं, पण काळ्या माणसाला इंजिनिअर म्हणून घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी मिशिगन सेंट्रल रेल्वेत काम मिळालं ते फायरमनचं. म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचा आणि गाडी थांबली की खाली उतरून तेल घालायचं.

आता इथं तेलाचा प्रश्न नेमका काय होता, ते समजून घ्यायला हवं.

वाफेच्या इंजिनात सिलिंडरमध्ये दट्ट्या पुढं-मागं सरकत असतो. धातूवर धातू घासतो, त्यात वाफेची उष्णता. मध्ये तेलाचा पातळ थर नसेल तर भाग झिजतात, तापतात आणि शेवटी अडकतात. बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की चाक कुरकुरतं, तसाच हा प्रकार, फक्त नुकसान कितीतरी मोठं. त्यातही सिलिंडरच्या आत तेल पोहोचवणं सगळ्यात अवघड, कारण आत वाफेचा दाब असतो आणि घातलेलं तेल वाफेबरोबर निघूनही जातं. त्यामुळं पुन्हा थांबा, पुन्हा तेल घाला. गाडी जेवढा वेळ उभी, तेवढा कंपनीचा तोटा.

कंपनीच्या लेखी हा वेळेचा प्रश्न होता. मॅकॉय स्वतः डबा घेऊन उतरायचे, त्यामुळं कुठल्या भागाला कधी आणि किती तेल लागतं, हे त्यांना हातानं माहीत झालं होतं. इंजिन कसं चालतं, हे एडिनबरात शिकून झालेलं होतंच. इप्सिलँटीत घरीच त्यांनी एक छोटंसं वर्कशॉप थाटलं आणि नोकरी सांभाळून प्रयोग सुरू केले.

जुलै १८७२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. त्यांची युक्ती अशी होती: तेलानं भरलेलं एक भांडं इंजिनावर बसवायचं आणि त्याच्या तळाला झडप ठेवायची. इंजिनातल्या वाफेचा दाब आला की ती झडप उचलली जाते आणि तेल आत उतरतं. म्हणजे जी वाफ गाडी ओढते, तीच तेलही घालते. माणसानं खाली उतरायची गरज नाही.

असा विचार करणारे मॅकॉय जगात पहिलेच होते, असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० च्या सुमाराला वाफेच्या इंजिनासाठी तेल देणारं उपकरण बनवलं होतं. मॅकॉय यांचं वेगळेपण हे की एका पेटंटवर ते थांबले नाहीत. जवळजवळ पन्नास वर्षं ते याच प्रश्नामागं लागले. इंजिनं बदलत गेली, तशी त्यांची उपकरणंही बदलत गेली.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९१५ चं पेटंट. तोवर जास्त तापवलेली वाफ वापरणारी नवी इंजिनं आली होती. एवढ्या उष्णतेत साधं तेल टिकत नव्हतं. तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळली तर घर्षण कमी व्हायचं, पण ती पूड नळ्यांमध्ये साचून त्या तुंबायच्या. हे मिश्रण न तुंबता पुढं जाईल असं उपकरण मॅकॉय यांनी बनवलं, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठलेली होती.

आयुष्यात त्यांना एकूण ५७ पेटंट मिळाली. बहुतेक सगळी वंगणाशी जोडलेली, पण त्यात इस्त्रीचं घडीचं टेबल आणि बागेत पाणी शिंपडणारा फवाराही आहे.

मग एवढा माणूस मोठा कारखानदार का झाला नाही?

कारण होतं भांडवल. पेटंट हातात असलं तरी कारखाना काढायला पैसा लागतो आणि तो मॅकॉय यांच्याकडं नव्हता. पुढच्या प्रयोगांचा खर्च भागवायला त्यांनी अनेक पेटंटचे हक्क दुसऱ्यांना विकले. त्यामुळं त्यांच्या डोक्यातून आलेली उपकरणं रेल्वेत बसली, पण त्यांवर त्यांचं नाव क्वचितच होतं. स्वतःच्या नावाची कंपनी त्यांनी डेट्रॉइटमध्ये काढली ती १९२० मध्ये, पंचाहत्तरी गाठल्यावर.

हे सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये मॅकॉय आणि त्यांच्या पत्नी मेरी यांचा रस्त्यावर अपघात झाला. पुढच्याच वर्षी मेरी गेल्या. त्या स्वतः डेट्रॉइटमधल्या नावाजलेल्या समाजकार्यकर्त्या होत्या. एकट्या पडलेल्या मॅकॉय यांची तब्येत ढासळत गेली, शेवटचा काळ रुग्णालयात गेला आणि १० ऑक्टोबर १९२९ रोजी त्यांचं निधन झालं.

इंग्रजीत अस्सल मालाला द रिअल मॅकॉय म्हणतात. नकली उपकरणं टाळण्यासाठी रेल्वेवाले मॅकॉय यांचंच उपकरण मागायचे आणि त्यातून हा वाक्प्रचार आला, असं हमखास सांगितलं जातं. पण त्याला ठोस पुरावा नाही. मॅके या आडनावाचा जवळपास असाच वाक्प्रचार स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच छापलेला सापडतो, म्हणजे मॅकॉय यांच्या पहिल्या पेटंटच्याही आधी.

तसंही मॅकॉय यांचं मोठेपण त्या वाक्प्रचारावर अवलंबून नाही. २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०१२ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयानं डेट्रॉइटमध्ये शाखा उघडली, तेव्हा तिलाही त्यांचंच नाव दिलं. हयातभर ज्यांना आपलं नाव आपल्या कामावर नीट लावता आलं नाही, त्यांचं नाव आता पेटंट कार्यालयाच्या पाटीवर आलं.

आजच्या गाडीचा गिअरबॉक्स मॅकॉय यांनी बनवलेला नाही, तो त्यांच्यानंतर आला. पण यंत्र टिकवायचं असेल तर तेल योग्य जागी, योग्य वेळी आणि न थांबता पोहोचलं पाहिजे, हे सूत्र तेच आहे. आणि तेलाचे हात ज्याला हलकं काम समजून दिले गेले, त्यानंच ते अख्खं आयुष्य लावून सोडवलं.