सुकाणूचे गणित मांडणारा

माझे वडील इंदुरातील एका गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. पाहुण्यांना खाते दाखवताना ते साच्याकडे नव्हे, तर साचेवाल्याच्या डोळ्यांकडे बोट करीत. त्या गिरणीचा भोंगा बंद होऊन आता कितीतरी वर्षे लोटली. परंतु यंत्रमानवांच्या गोष्टी निघाल्या की मला वडिलांचे ते बोट आठवते, आणि त्यामागोमाग नॉर्बर्ट वीनर हे अमेरिकन गणितज्ञ.

वीनर यांचा जन्म १८९४ सालचा. वडील लिओ वीनर हार्वर्डला स्लाव भाषांचे प्राध्यापक, आणि घरात मोठे करडे शिक्षक. आठव्या वर्षाच्या सुमारास मुलाचे डोळे इतके बिघडले की डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. तेव्हा तो गणित कानांनी ऐकून शिकला. चौदाव्या वर्षी पदवी, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट! आपल्याकडे आजीने अशा नातवाची दृष्ट काढली असती. तिकडे वर्तमानपत्रांनी त्याचा गवगवा केला, आणि त्याचा त्रास त्यांना जन्मभर पुरला. १९१९ पासून ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत अध्यापन करू लागले.

दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडे विमानवेधी तोफेचा प्रश्न आला. विमान दिसते तेथे गोळा मारून उपयोग नाही. काही सेकंदांनी ते जेथे असेल तेथे मारावयाचा. ज्युलियन बिगेलो यांच्यासह हे गणित मांडताना वीनर यांच्या ध्यानात आले की, वैमानिक आणि तोफची हे दोघेही या यंत्रातच धरले पाहिजेत. प्रत्येक वैमानिकाचे वळण त्याच्यापुरते ठरलेले, पण दुसऱ्याहून निराळे! त्यांचे ते यंत्र युद्धात प्रत्यक्ष वापरले गेले नाही, परंतु त्यातून एक शास्त्र जन्मले.

नाव एका बाजूला कलली की नावाडी सुकाणू दुसरीकडे वळवतो; कलल्याची खबर त्याच्याकडे परत येते म्हणूनच नाव मार्गावर राहते. ही दुरुस्ती अति झाली, तर नाव डावी-उजवी झोके खात राहील. वीनर आणि बिगेलो यांनी आर्तुरो रोझेनब्लूथ या शरीरशास्त्रज्ञाला विचारले, की माणसालाही असा काही विकार होतो काय? होतो, असे उत्तर मिळाले. लहान मेंदूला इजा झालेला रोगी पेला उचलू गेला, की त्याचा हात पेल्याच्या आजूबाजूला हेलकावे खातो. तोफ आणि हात एकाच नियमाने चुकतात! ग्रीक भाषेतील सुकाणूवाल्याच्या शब्दावरून त्यांनी या शास्त्राला सायबरनेटिक्स हे नाव दिले. ग्रंथ १९४८ मध्ये निघाला.

त्याआधीच, १९४७ मध्ये, त्यांनी क्षेपणास्त्रांच्या कामासाठी आपला निबंध देण्याचे जाहीरपणे नाकारले होते. १९४९ मध्ये मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉयथर यांना त्यांनी आपण होऊन पत्र धाडले: स्वयंचलित कारखाने येणार, आणि त्यात मजुरांची रोजी जाणार; आधीच सावध व्हा. एका उद्योगसंस्थेने याच कामी मागितलेला सल्ला त्यांनी नाकारला होता. गणिताच्या प्राध्यापकाने कामगारांच्या पुढाऱ्याकडे जावे, हे मला त्यांच्या साऱ्या प्रमेयांहून मोठे वाटते.

१९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याला महालनोबिस यांच्या संख्याशास्त्र संस्थेत येऊन राहिले. इंग्लंडातील गिरण्यांच्या काळोख्या काळातून न जाता हिंदुस्थानने थेट स्वयंचलित कारखान्यांकडे जावे, असे त्यांना वाटे. हे मात्र मला कधी पटले नाही. रॉयथर यांना लिहिणाऱ्या माणसाला आमचा साचेवाला कसा दिसला नाही?

१९६१ मध्ये हाड मोडून ते रुग्णालयात पडले. तेथेही उशाशी शस्त्रवैद्यांशी बोलणे एकच: तुटलेल्या हाताच्या उरल्या स्नायूंत विजेचा जो क्षीण संदेश उठतो, त्यावर कृत्रिम हात चालवता येईल काय? १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, १९६८ मध्ये, बॉस्टनला तो हात तयार होऊन कोपरात वाकला.